बेहड्यातलं लोखंड

चेन मी उलटी चढवली होती.

धंद्याबाहेरच्या माणसाला यातली लाज कळायची नाही, म्हणून आधी ती समजावून सांगतो. झाड कापायच्या यंत्राला पुढे एक लांब पोलादी पट्टी असते. तिच्या कडेवरून सायकलच्या चेनसारखी चेन फिरते, फक्त हिला दात असतात. पट्टीच्या वरच्या कडेला त्या दातांची तोंडं पुढे हवीत. ती मागे झाली तर यंत्र गरजतं, धूर ओकतं, धरणाऱ्याला मुळापासून हलवतं आणि लाकूड मात्र नुसतं घासत बसतं. शिकाऊ माणूस ही चूक पहिल्या आठवड्यात करतो आणि पुन्हा कधी करत नाही. मी केली तेव्हा याच धंद्यात माझे केस पांढरे झाले होते, समोर अख्खा पाडा उभा होता, पाडा माझ्या सासुरवाडीचा होता आणि मी तिथे जिंकायला आलो होतो.

ओंडक्यावर एक काळा पट्टा उमटला आणि जळक्या लाकडाचा वास सुटला. ठेकेदाराचा मुकादम कमरेवर हात ठेवून पुढे आला.

"मिस्त्री, कापताय का इस्त्री करताय?"

पाडा हसला. माझा साडू एकनाथ सगळ्यात मोठ्याने हसला, कारण सामना त्याच्याशीच होता. "भावजी, मशीनीला नको, तुम्हाला चष्मा लावा," म्हणाला.

मी यंत्र बंद केलं, खाली बसलो आणि चेन काढून सुलटी चढवायला लागलो. चेन तापली होती, बोटं भाजत होती. पण मला ते नीटसं जाणवत नव्हतं. का जाणवत नव्हतं, ते पुढे येईलच.

जव्हारच्या बाजारातून मोखाड्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला माझं पत्र्याचं दुकान आहे. फवारणीचे पंप, पाण्याची इंजिनं, गवत कापायची यंत्रं आणि ही झाड कापायची यंत्रं मी दुरुस्त करतो. त्यांना आमच्याकडे कुणी चेनसॉ म्हणत नाही, सगळे कटर म्हणतात. दुरुस्ती नसेल तेव्हा मी स्वतः कापायला जातो. वाऱ्याने घरावर आलेला आंबा, रस्त्यात आडवं पडलेलं सादड्याचं झाड, मालकीच्या शेतातला परवानगी मिळालेला साग. झाड उभं असताना त्याला हात जोडायचे, पडल्यावर त्याच्याकडे बघायचं नाही, ही माझी पद्धत. लोक तिला श्रद्धा समजतात. खरं तर पडलेल्या झाडाकडे मला बघवत नाही आणि धंदा तर त्याचाच, तेव्हा काहीतरी नियम करून घ्यावा लागतो.

दुकानात येणारा प्रत्येक जण एकदा तरी विचारतो, "मिस्त्री, जुनी मशीन चांगली का नवीन?" आमच्या पठारावर प्लॉट घेऊन टुमदार घर बांधलेल्या मुंबईच्या एका साहेबांनीही विचारलं होतं. साहेबांनी घरामागची एक करवंदाची जाळी काढायला परदेशी बनावटीचं नवंकोरं कटर आणलं आणि पहिल्याच दिवशी ते बंद पडलं म्हणून गाडीत घालून माझ्याकडे आणलं. मी उघडलं तर पिस्टन सिलिंडरला असा चिकटला होता की हातोडीनेही हलेना. या यंत्राला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, नाहीतर आतून कोरडं पडून जळतं. "पेट्रोल नुसतंच घातलंत का?" मी विचारलं. साहेब दुखावले. "नुसतं कसं? गाडीत घालतो तेच घातलं. प्रीमियम!" मग त्यांनी कोपऱ्यातल्या थोरलीकडे बोट दाखवून तोच प्रश्न विचारला आणि तिच्यासोबत आपला फोटो काढून घेतला.

थोरली म्हणजे माझं जुनं यंत्र. एक लाकडाची वखार बंद झाली तेव्हा ती मला मिळाली. ताडपत्रीखाली कित्येक वर्षं पडून होती, कोंबडी तिच्या हँडलखाली अंडी घालायची. रंग उडालेला, नाव झिजलेलं, कुठल्या देशात जन्मली तेही वाचता येत नव्हतं. मी ती सुट्टी करून, घासून, हाताने भाग घडवून पुन्हा चालू केली. पुढे माझं लग्न झालं. मंगल, म्हणजे माझी बायको, घरात आली तेव्हा खोलीच्या कोपऱ्यात ही बसलेली. "ही कोण?" तिने विचारलं. मी म्हटलं, "ही थोरली. तुझ्या आधीची." तेव्हा मंगल नवीन होती म्हणून हसली. नंतर हे वाक्य मी जेव्हा जेव्हा वापरलं तेव्हा ती हसलेली नाही.

आता जुनी चांगली का नवीन, ते सांगतो. नवीन यंत्र हलकं असतं. एका हाताने उचलता येतं. त्याचं इंजिन भन्नाट वेगाने फिरतं, चेन बारीक दातांची, अशी पळते की दिसतच नाही. फांदी, बांबू, मांडीएवढं खोड यांचा ते क्षणात भुगा करतं. झटका बसला तर आपोआप ब्रेक लागतो. हँडलला रबर असल्याने हात हादरत नाहीत. थोरलीला यातलं काही नाही. ती उचलताना कंबर आधी उत्तर देते. तिची चेन जाड, दात मोठे, आणि ती फिरते सावकाश. पण तिच्या पोटात जोर आहे. घाट चढताना नवी मोटारसायकल एसटीला मागे टाकून जाते, पण मागे पाच माणसं आणि दोन पोती घातली की मोटारसायकल धापा टाकायला लागते आणि एसटी पहिल्या गिअरमध्ये आपली गुरगुरत वर जाते, तसं. दोन माणसांच्या कवेत न मावणारं, चिवट, ओलं खोड असलं की नवीन यंत्र लाकडात दबतं, त्याचा वेग मरतो, कापणारा जोर लावतो आणि चेन गरम होते. थोरलीला अशा खोडात सोडलं की ती स्वतःच्या वजनाने उतरत जाते. पातळ लाकडात तिच्यावर पैज लावणारा वेडा, जाड लाकडात तिच्याविरुद्ध लावणारा वेडा.

हे मी वर्षानुवर्षं सगळ्यांना ऐटीत सांगत आलो. एक गोष्ट मात्र सांगत नव्हतो. थोरलीची थरथर हातात उतरते आणि हातातून जात नाही. हिवाळ्यात सकाळी माझी बोटं मेणबत्तीसारखी पांढरी पडतात. चहाचा कप धरलाय की नाही ते बघून खात्री करावी लागते. शर्टाची वरची बटणं मंगल लावून देते. जव्हारच्या डॉक्टरांनी बोटं दाबून बघितली, सुई टोचून बघितली आणि विचारलं, "दुखतं?" मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "दुखायला हवं होतं." आणि त्यांनी ते यंत्र सोडायला सांगितलं.

घरी आल्यावर मंगलने थोरलीला भंगारात घालायचं ठरवून टाकलं. मी तिला, म्हणजे मंगलला, पुष्कळ समजावलं. जाड खोडाचं काम हीच तर माझी भाकरी. बारीक फांद्या कापायला आता गावोगाव पोरं झालीत, आणि एकनाथनेही मोखाड्यात नवं यंत्र घेतलंय. शेवटी तह झाला. थोरली जोवर नव्या यंत्राला हरवते तोवर घरात राहील. हरली की भंगार.

तेवढ्यात रस्त्याचं काम निघालं.

वावर गावाकडे जाणाऱ्या वाटेवर माझी सासुरवाडी. आधी तिथे पायवाट होती, नंतर कधीतरी डांबर पडलं, नंतर डांबराचे खड्डे झाले. आता रस्ता रुंद करायचा होता. पाड्याच्या वर, टेकाडाच्या पठारावर, शहरातल्या लोकांसाठी प्लॉट पडले होते आणि त्यांच्या मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या की अडायच्या. रस्त्याकडेच्या मोठ्या झाडांवर चुन्याने आकडे पडले. ठेकेदाराला जाड खोडं कापणारा माणूस हवा होता. त्याच्याकडे एकनाथही जाऊन आला होता आणि मीही. मुकादम म्हणाला, भांडू नका, मशीनी घेऊन या. एक झाड जेसीबीने आडवं केलंय. त्याच्यावर दोघांनी कापून दाखवा. जो आधी पार होईल, हंगामभराची मोठी खोडं त्याची.

म्हणजे एकाच सकाळी माझं हंगामाचं काम आणि माझी थोरली, दोन्ही त्या एका ओंडक्यावर ठेवलं गेलं.

मी खूष होतो. आदल्या संध्याकाळी मी एकेका दाताला गोल कानसीने धार लावली, इतकी की नखावर ठेवला तर नख सोलून निघावं. सकाळी ओट्यावर बसून पट्टीवर चेन चढवत होतो. मंगल चुलीपासून उठून आली.

"झाड कुठलं?"

"बेहडा. तुमच्या पाड्याच्या खालचा, वळणावरचा."

तिने पदराला हात पुसले. मी नट सैल करायला लागलो.

"दुसरं लाकूड घ्यायला सांगा ना," ती म्हणाली. "तो सोडा."

"का? भुतं हायेत?" आमच्याकडे बेहड्यावर भुतं असतात असं सगळेच मानतात. अंधारात त्याच्याखालून कुणी जात नाही.

"तसं नाय."

"मग कसं?"

"सांगायचं नसतं ते." ती माझ्या हातांकडे बघत होती. "एवढं एक ऐका. दुसऱ्या झाडावर काय करायची ती शर्यत करा."

मला राग आला. मला वाटलं, हिला थोरली हरायला हवीय, म्हणून आता भुतांना मधे घालतेय. मी म्हटलं, "तुझ्या माहेरच्या भुतांना माझा नमस्कार सांगतो, म्हणजे झालं?"

ती आत गेली. त्या रागात, चेनकडे न बघता, तिच्या पाठीकडे बघत मी चेन चढवली. उलटी.

कुठल्याही झाडाला चेन लावायच्या आधी मी एक प्रश्न विचारतो. झाडात लोखंड आहे का? माणसं झाडाला काय काय ठोकतात, त्याची तुम्हाला कल्पना नसेल. कुंपणाची तार, निवडणुकीचे बोर्ड, झोक्याची कडी, मोजणीवाल्यांची खूण. झाड मोठं होता होता ते सगळं पोटात घेतं आणि वरून साल धरतं. बाहेरून काही दिसत नाही. आत चेन त्याला लागली की दात जातात, कधी चेन तुटते आणि तुटलेली चेन कुणाकडे जाईल ते ती सांगून जात नाही. म्हणून मी पाड्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारतो.

त्या दिवशी म्हातारं माणूस म्हणजे बुधीकाकी. मंगलची चुलती. डोक्यावर पदर, हातात काठी, ओंडक्यापासून दूर दगडावर बसलेली.

"काकी, बेहड्यात लोखंड हाय का?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग जमिनीकडे. "नाय," म्हणाली.

बाकीच्या बायकांकडे बघितलं. त्याही जमिनीकडे बघत होत्या. "नाय," "नाय," असं झालं. मला तेव्हाच उमजायला हवं होतं. हो-नाही करणारी, हसणारी, चार गोष्टी जास्त सांगणारी ही माणसं; त्यांनी एका प्रश्नाला एवढं छोटं उत्तर कधी दिलं नव्हतं. शिवाय बुंध्याच्या खालच्या भागात सालीवर गाठी होत्या. झाड उभं असताना कमरेच्या खाली येतील अशा, झाडाभोवती पट्ट्यासारख्या. गाठी झाडाला असतातच. मी त्यांच्यावरून हात फिरवला. माझ्या बोटांना काय कळणार होतं?

पहिली फेरी फांदीची झाली. एकनाथने ती मी दोरी ओढेपर्यंत कापली. खरंच. थोरली चालू व्हायला वेळ घेते, आधी खोकते, मग रुसते. तिसऱ्या ओढीला ती चालू झाली तेव्हा एकनाथ फांदीवर पाय ठेवून पान लावत होता. "भावजी, सावकाश येऊ द्या. आमी बसलोय," तो म्हणाला. पोरंटोरं हसली. मीही हसलो, कारण हे असं होणार हे मला माहीत होतं.

दुसरी फेरी बुंध्याची. उलट्या चेनीचा तमाशा तेव्हाच झाला, तो सांगून झालाय. मुकादमाने मोठ्या मनाने पुन्हा सुरुवात करायला दिली. ओंडका आडवा पडलेला, मुळं एका बाजूला आभाळाकडे हात केल्यासारखी वर आलेली. मी मुळांकडच्या बाजूने कापायचं, एकनाथने त्याच्या पलीकडे हातभर अंतरावर. मुकादमाने हातातला रुमाल खाली टाकला.

एकनाथ सुरुवातीला पुढे गेला. त्याचं यंत्र किंचाळत होतं, पांढरा भुसा त्याच्या पायावर पावडरीसारखा उडत होता. थोरली तिच्या ठरलेल्या चालीने उतरत होती. तिचा भुसा जाड पडतो, पोह्यासारखा. अर्ध्याच्या आसपास गेल्यावर एकनाथचं यंत्र जड झालं. त्याने जोर लावला, मान वाकडी केली. मी मनातल्या मनात म्हटलं, आला, घाट आला.

मग त्याच्या पट्टीतून ठिणग्या उडाल्या.

आवाज ज्याने ऐकला त्यालाच माहीत. करकर नाही, एक बारीक, लांब, दात आंबणारी किंकाळी. त्याची चेन जागच्या जागी थांबली, ब्रेक लागला, यंत्र बंद पडलं. पट्टी बाहेर काढली तर एका बाजूचे दात कुणी हातोडीने ठेचावेत तसे गोल झाले होते.

"भावजी, लोखंड हाय!" तो ओरडला.

मी थांबायला हवं होतं. कुठलाही शहाणा मिस्त्री थांबला असता. पण त्याचं यंत्र बंद होतं, माझं चालू होतं आणि थोरली अर्ध्या बेहड्यात उतरली होती. मी नाही थांबलो.

थोरलीलाही लागलं. एकदा, मग लगेच पुन्हा. माझे खांदे हादरले, खालून ठिणग्या पायावर आल्या. पण ती थांबली नाही. दात तिचेही गेले, ते मी नंतर बघितले. फक्त दात गेल्याचं तिला उशिरा कळतं. त्या बाबतीत आमची जोडी आहे. नुसत्या जोरावर ती लोखंड ओरबाडत, चावत, फाडत खाली गेली आणि बुंध्याचा तुकडा धप्पकन मातीत बसला.

मुकादमाने शिट्टी मारली. ठेकेदाराच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. "म्हातारीनं मारलं!" कुणीतरी ओरडलं. एकनाथने येऊन माझी पाठ थोपटली, तो मनाचा मोठा आहे. मी थोरली खाली ठेवली आणि हात वर करून पाड्याकडे वळलो.

पाड्यातलं कुणीही टाळ्या वाजवत नव्हतं.

बुधीकाकी काठी टेकत आली. ती कापलेल्या बाजूसमोर उभी राहिली, तशी बाकीच्या बायकाही आल्या. मीही बघितलं. माझा नियम मोडून पडलेल्या झाडाकडे बघितलं.

बेहड्याचं लाकूड आतून पिवळट असतं. त्या पिवळ्यावर निळे-काळे डाग पडले होते, शाई सांडावी तसे. लोखंड लाकडात राहिलं की त्याच्याभोवती असा डाग धरतो. काही डागांच्या मधोमध कापलेल्या खिळ्यांची चमक दिसत होती. आणि मला, लाकूड वाचायची सवय असलेल्या माणसाला, एक गोष्ट दिसली ती दिसायला नको होती. सगळे डाग गोलाकार, सालीपासून सारख्याच खोलीवर होते. तार वेगळ्या वर्षी, बोर्ड वेगळ्या वर्षी ठोकला की एक डाग वर असतो, एक खोल. हे सगळे सारखे खोल होते. म्हणजे सगळे खिळे एकाच साली ठोकलेले.

"आता सुटलंच हाय," बुधीकाकी म्हणाली. "आता बोलाया काय."

तिने सांगितलं ते थोडक्यात लिहितो; तिनेही थोडक्यातच सांगितलं. त्या साली नाचणी आधीच संपली. कंदही मिळेनासे झाले. पोरं सुकायला लागली, मग तापाने फणफणली. रस्ता नव्हता. दवाखान्यात न्यायचं तर झोळी करून दोन माणसांनी दिवसभर चालायचं, आणि चालायला माणसांत जीव कुठे होता? म्हणून भगताकडे गेले. भगताने सांगितलं, पोराला बेहड्याला टेकवून उभं करा, त्याच्या डोक्याच्या उंचीवर खिळा ठोका. त्याचं दुखणं झाडात बांधलं जाईल. पण बोलायचं नाही कुणापाशी. बोललं की बांध सुटतो.

मी पुन्हा त्या पट्ट्याकडे बघितलं. झाड वाढतं ते शेंड्याकडे. बुंध्यात ठोकलेला खिळा आहे त्याच उंचीवर राहतो, कितीही वर्षं जावोत. झाड उभं धरलं तर सगळा पट्टा माझ्या कमरेच्याही खाली येत होता. काही खिळे गुडघ्याच्या जरा वर.

"जगली का पोरं?" मी विचारलं.

बुधीकाकीने कापलेल्या लाकडावर तळहात ठेवला आणि घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा फिरवला. "थोडी," म्हणाली. मग थांबून, "तुमच्या घरातलाबी हाय हितं."

मला आधी कळलंच नाही. एकनाथला कळलं. तो मान खाली घालून बाजूला झाला. त्याची बायको, माझी मेव्हणी, त्या सालानंतर जन्मलेली.

"मंगलचा?" मी विचारलं. "कुठला?"

"जिती हाय ना ती? मग तिचा कशाला शोधता?"

इतक्यात रस्त्यावर उभ्या असलेल्या मोठ्या गाडीतून टोपी घातलेला एक माणूस उतरला. वरच्या प्लॉटवाल्यांपैकी. तो केव्हापासून शर्यतीचं चित्रीकरण करत होता. तो वाकून डाग बघू लागला. "काय सुंदर पॅटर्न आहे हो! हा गोल मिळेल का? वरती टेबल करीन."

बायका बाजूला झाल्या नाहीत. त्यांना टेबल कळलं नसावं. किंवा कळलं असावं.

मी म्हटलं, "साहेब, बेहड्याचं लाकूड किडतं. पावसाळ्यानंतर टेबलाचा भुसा होईल." हे खरंच आहे, त्यासाठी मला खोटं बोलावं लागलं नाही. नाहीतर बोललो असतो. तो हळहळला, अजून दोन फोटो काढले आणि गेला. मग मी थोरलीने अजून एक काप घेतला, उरलेल्या दातांनी, आणि तो खिळ्यांचा अख्खा तुकडा सोडवून दिला. पाड्यातल्या माणसांनी तो लोटत लोटत गावदेवाच्या ठिकाणी नेला. मुकादम घड्याळ बघत होता, पण त्याने अडवलं नाही.

काम मला मिळालं. नाही म्हटलं असं लिहायला आवडलं असतं. मंगलच्या पाड्यापासून वरच्या पठारापर्यंतची ती सगळी झाडं मीच कापली. एकनाथला हाताशी घेतलं. त्याने फांद्या, मी बुंधे. प्रत्येक झाडाशी मी म्हाताऱ्या माणसाला तोच प्रश्न विचारला, आणि "नाय" असं छोटं उत्तर आलं की बुंधा वरून, माझ्या डोक्याएवढ्या उंचीवरून कापला. मुकादमाला सांगितलं, खाली मुळं चिवट आहेत. तो म्हणाला, जेसीबी उपटेल. उपटले असतील. मी बघायला थांबलो नाही. झाडं गेली, रस्ता अजून खडीचाच आहे.

आता मला कुणी जुनी चांगली का नवीन असं विचारलं की मी थोरलीकडे बोट दाखवत नाही. जाड लाकडात जुनी, पातळ लाकडात नवीन, एवढंच सांगतो. एक गोष्ट वर्षानुवर्षं चुकीची सांगत होतो, ती मात्र सांगायचं सोडलंय. मी म्हणायचो, लोखंड लागलं तरी थोरली थांबत नाही, हा तिचा गुण. जे यंत्र थांबलं त्याला कळलं होतं की आत काहीतरी आहे.

शर्यतीच्या त्या संध्याकाळी मी घरी गेलो. थोरली ओट्यावर ठेवली. मंगलने नेहमीसारखं कढत पाणी आणलं, कापड बुडवून पिळलं आणि माझी बोटं त्यात गुंडाळून धरली.

"जिंकली?"

"जिंकली."

"म्हणजे ऱ्हाणार अजून घरात." ती बोटं दाबत राहिली. "लोखंड लागलं?"

"लागलं."

"लागणारच."

"सांगायचंस तरी," मी म्हटलं.

"सकाळी तो सोडा म्हणून सांगत होते, तर तुमी माझ्या माहेरच्या भुतांना नमस्कार केलात." आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "आमची भुतं कुठं हो झाडावर. आमच्या बरोबर खेळायची ती. एक सोमी होती. तिचा खिळा माझ्या शेजारी."

"तुझा बांध तुटला," एवढंच तोंडातून आलं, आणि म्हणताना माझं मलाच मूर्खासारखं वाटलं.

"तुटू दे. मी काय खिळ्यानं जगले? आई आपल्या वाटची पेज मला पाजायची आणि मी प्याले म्हणून सांगायची." तिने कापड पुन्हा पाण्यात घातलं. पाणी निवत आलं होतं. "रस्ता केवढा होणाराय?"

"रुंद. दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या तरी अडायच्या नाहीत."

मंगलने कापड पिळलं, झटकलं आणि दोरीवर टाकलं.

"त्या साली अरुंद असता तरी चाललं असतं," ती म्हणाली.